हँडब्रेकची तक्रार, गळती ट्रान्सफर केसची: मागच्या ऑइल सीलचं एक प्रकरण

तक्रार हँडब्रेकची होती. गाडी लँड रोव्हर डिफेंडर ११०, ३०० टीडीआय डिझेल, म्हणजे १९९०च्या दशकाच्या मधली. आर ३८० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला एलटी २३० ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटून देणारा बॉक्स. चढावर उभी केली की हँडब्रेक पुरता ओढूनही गाडी इंचाइंचाने मागे सरकते, असं मालकांचं म्हणणं. केबल ताणून झाली होती, शू (ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणारे भाग) ॲडजस्ट करून झाले होते, लिव्हर दोन-तीन दात वर येताच कडक होत होता. तरी ब्रेक धरत नव्हता. तेलाचा विषय त्यांनी आपणहून काढलाच नाही. गाडीखाली मधोमध हे डाग कसले, असं विचारल्यावर म्हणाले, "ते असायचंच हो, जुनी गाडी आहे. आणि मागचं सील तर काही महिन्यांपूर्वीच बदलून घेतलंय."

या उत्तरातच निम्मं निदान होतं, कारण या गाडीत हँडब्रेक आणि ते सील एकमेकांच्या शेजारी राहतात.

एलटी २३० हा ट्रान्सफर केस १९८३ साली वन टेनबरोबर (डिफेंडर ११०चं आधीचं नाव) आला आणि २०१६ साली जुन्या डिफेंडरचं उत्पादन थांबेपर्यंत चालला. चारही चाकांना कायम ताकद देणारा, मध्ये डिफरन्शिअल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) आणि गरज पडली तर ते जाम करायला डिफ लॉक. हँडब्रेक मात्र चाकांवर नाही. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला, जिथून मागच्या ॲक्सलकडे प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे, २५४ मि.मी. व्यासाचा एक ड्रम आहे. हँडब्रेक ओढला की तो ड्रम, म्हणजेच प्रोपेलर शाफ्ट पकडला जातो. ॲक्सलचं गुणोत्तर ३.५४ असल्यामुळे शाफ्टवर लावलेला जोर चाकावर साडेतीन पट होऊन पोचतो. म्हणून एकटा ड्रम एवढी अवजड गाडी धरू शकतो. पण त्याच ड्रमच्या पोटात ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या भागाभोवती तेल अडवणारं रबरी कडं, आहे. सील पाझरलं की तेल फ्लँजवरून (प्रोपेलर शाफ्ट जिला जोडतात त्या चकतीवरून) बाहेर येतं, फिरत्या भागाबरोबर उडतं आणि थेट शूच्या लायनिंगवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थरावर, बसतं. मग केबल कितीही ताणा. तेल प्यालेलं लायनिंग ड्रमला घासतं, पण धरत नाही. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, असा तो केबल ताणण्याचा सगळा खटाटोप होता.

तेल नक्की कुठून

तरीही "मागचं सीलच" असं ठरवून पाना हातात घेण्याची घाई मी करत नाही. या बॉक्सला गळायला जागा पुष्कळ आहेत. इंटरमीजिएट शाफ्टच्या ओ-रिंगा तर या बाबतीत बदनामच आहेत. खालच्या झाकणाचं पॅकिंग, स्पीडोमीटर ड्राइव्हची जागा, मागच्या आउटपुट हाउसिंगचं पॅकिंग, शिवाय पुढून इंजिनच्या मागच्या सीलमधून निघून वाऱ्याबरोबर मागे वाहत आलेलं तेल. चालत्या गाडीखाली तेल नेहमी मागे सरकत जातं. त्यामुळे सगळ्यात जास्त ओला दिसणारा भाग हा बहुतेक वेळा गळणारा भाग नसतो, गळणाऱ्याच्या मागचा असतो.

आधी पोट धुऊन काढलं. जुना चिकट थर निघाल्याशिवाय नवा ओघळ दिसत नाही. मग कोरडं करून गाडी थोडी फिरवली आणि परत खाली शिरलो. इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड कोरडा. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड कोरडं, खालचं झाकणही कोरडं. ब्रेकच्या बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) तळाशी मात्र ताजा थेंब लोंबत होता. बोटावर घेतला तर दाट, आणि गिअर ऑइलचा तो गंधकाचा उग्र वास. गिअरबॉक्समधलं तेल याहून बरंच पातळ असतं, त्यामुळे हे तेल ट्रान्सफर केसचंच यात शंका उरली नाही.

पुढची पायरी बरेच जण गाळतात: लेव्हल प्लग उघडून बघणं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या मधली सीलं गेली, तर एकाचं तेल दुसऱ्यात उतरतं. ट्रान्सफर केस गरजेपेक्षा जास्त भरतो आणि बिचारं मागचं सील चांगलं असूनही जादा तेल बाहेर टाकतं. अशा वेळी प्लग सैल करताच तेल भसकन बाहेर येतं, ते नेहमीपेक्षा पातळ असतं आणि तिकडे गिअरबॉक्सची पातळी खाली गेलेली असते. तसं असेल तर मागचं सील बदलणं म्हणजे भांडं ओसंडतंय म्हणून त्याची कड वाढवणं. इथे उलट होतं. प्लग काढला, बोट आत घातलं, तर तेल बोटाच्या टोकालाही लागेना. म्हणजे गळती खरी, आणि बराच काळ चाललेली.

मग ब्रीदर. ट्रान्सफर केसच्या डोक्यावरून एक बारीक नळी निघून वर जाते. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते आणि तिला जायला वाट लागते. ती वाट बंद असेल तर काय होतं, याचं गणित साधं आहे. २० अंशांवरची कोंडलेली हवा ९० अंशांवर गेली की तिचा दाब जवळपास २४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाव हिश्शाइतका. लिपवालं (फिरत्या भागाला टेकणारी रबरी धार असलेलं) साधं ऑइल सील आत-बाहेर सारखाच दाब गृहीत धरून बनवलेलं असतं. त्यावर तासन् तास एवढा दाब राहिला की लिप शाफ्टवर जास्त जोराने दाबली जाते, तापते, झिजते आणि जिथे फट सापडेल तिथून तेल बाहेर ढकललं जातं. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत तर दुहेरी नुकसान. गरम बॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बंद ब्रीदरमुळे तीच लिप बाहेरचं पाणी आत ओढते. तेलाला दुधी रंग आला की समजावं.

इथे नळीत फुंकर मारली तर गाल दुखले, हवा पुढे गेली नाही. नळी बॉक्सला जिथे जोडते त्या पोकळ बोल्टच्या भोकात माती आणि तेलाचा सुकलेला बूच होता. तारेने टोकरला तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी निघाला.

या टप्प्यावर थांबण्याचा मोह होतो. ब्रीदर बंद, दाब वाढला, सील पाझरलं, कारण सापडलं. पण काही महिन्यांपूर्वी बसवलेलं सील एवढ्यात एवढं गळावं, याचा पूर्ण खुलासा बंद ब्रीदरने होतो असं मला वाटेना. खोलणं भाग होतं.

खोलण्याआधी एक गोष्ट

हँडब्रेक शाफ्टवर असलेली गाडी जॅकवर चढवताना नेहमीचे आडाखे चालत नाहीत. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की हँडब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळू शकते. शाफ्ट जाम असला तरी मागचं डिफरन्शिअल मोकळं असतं. हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर तर तो हँडब्रेक मागच्या चाकांना धरतच नाही. शिवाय ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला, तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग शून्य. म्हणून चारही चाकं जमिनीवर, सपाट जागा, पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. डिफेंडरचं पोट एवढं उंच आहे की या कामासाठी ती उचलायची गरजच पडत नाही.

प्रोपेलर शाफ्टच्या आणि त्याला जुळणाऱ्या फ्लँजवर पंचाने समोरासमोर खूण केली, म्हणजे शाफ्ट परत त्याच जागी बसेल. नट ९/१६ इंची, चार. जागा चिंचोळी आहे आणि पाना अर्धा वळसाच फिरतो, त्यामुळे एक नट काढला की शाफ्ट फिरवून पुढचा वर आणायचा. शाफ्ट खाली उतरवून बाजूला तारेने बांधला. लोंबत ठेवला तर दुसऱ्या टोकाचा क्रॉस (शाफ्टचा वाकणारा सांधा) उगाच ताणतो. क्रॉस हातानेच तपासले, खळखळ नव्हती.

फ्लँजचा मधला नट ३० मि.मी. सॉकेटचा. सर्वसाधारणपणे ड्रम असतानाच हँडब्रेक ओढून तो सैल करतात. इथे ब्रेकच धरत नव्हता, त्यामुळे फ्लँजच्या भोकांत बोल्ट घालून एक लांब पट्टी अडकवली आणि ती चासीला टेकवली. गिअरमध्ये टाकून नुसत्या गिअरच्या दातांवर जोर देण्यापेक्षा मला ही पद्धत आवडते. नट सुटला, मग ड्रमचे दोन स्क्रू, मग ड्रम.

ड्रमच्या आत तेल, लायनिंगची भुकटी आणि माती यांचा काळा लगदा साचलेला. इथे हवेचा पाइप मारायचा नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ओली भुकटी धोक्याची नसली तरी कडेची सुकलेली असते. ब्रेक क्लीनर मारून, फडक्याने पुसून, फडकं पिशवीत बंद.

खोलल्यावर

फ्लँज हाताने ओढताच निघाला. तो बाहेर काढण्याआधी धरून वर-खाली हलवून बघितला होता, तसा तो परत शाफ्टवर अर्धा चढवूनही हलवला. आतल्या बेअरिंगमध्ये ढिलाई असती तर शाफ्ट लिपच्या आत नाचला असता आणि जगातलं कुठलंही सील तिथे टिकलं नसतं. ढिलाई जाणवली नाही, फिरवताना खरखरही नाही. बेअरिंगवरचा संशय मिटला.

मग सील. हुकाने काढलं आणि उजेडात धरलं. हेच ते काही महिन्यांपूर्वीचं. रबर मऊ, लिपची धार शाबूत, मागची गोल स्प्रिंग जागेवर. म्हाताऱ्या सीलची लिप कडक होते, बोटाने वाकवली तर बारीक चिरा दिसतात, धार चपटी होऊन रुंद चकाकी धरते. यातलं काहीच नव्हतं. हे सील परत बसवता आलं असतं, इतकं ठीक होतं.

दोषी फ्लँज होता. सीलची लिप फ्लँजच्या नळीसारख्या भागावर धावते. तो भाग पुसून तिरपा धरला तर भोवती एक चकचकीत कडं. नखाचं टोक त्यावरून सरळ ओढलं की मध्ये अडकायचं, खाली उतरायचं आणि पलीकडच्या काठाला परत ठेचकाळायचं. व्हर्नियरच्या जबड्याची पातळ धार त्या चरात बसवून व्यास घेतला, शेजारच्या न झिजलेल्या भागाचा घेतला. फरक ०.३ मि.मी., म्हणजे चर सर्व बाजूंनी साधारण ०.१५ मि.मी. खोल. ऐकायला काहीच नाही. पण लिप आणि शाफ्ट यांच्या मधला तेलाचा पापुद्रा याच्याही कितीतरी बारीक असतो. लिप चरात उतरते तेव्हा तिचा दाब कमी होतो, ती तिरपी टेकते, आणि चराच्या काठाला अडून रोज थोडी कुरतडली जाते.

रबराने पोलाद कसं झिजतं, हा प्रश्न मालकांनीही विचारला. झिजवतं ते रबर नव्हे. लिपखाली बारीक धूळ, चिखलातली वाळू अडकते, मऊ रबरात रुतून बसते आणि रबर हे त्या कणांना धरून ठेवणारं साधन बनतं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासकाम चालतं. बाहेरून धूळ रोखणारी दुसरी लिप असलेली सीलं म्हणूनच अशा जागी चांगली.

मागच्या वेळी ज्यांनी काम केलं त्यांनी नवं सील नेमक्या त्याच खोलीवर बसवलं होतं. त्यामुळे नवी लिप जुन्या चरात जाऊन बसली. फ्लँज पुसून बघण्याचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

आणखी एक गोष्ट निघाली. नटखाली पोलादी वॉशर आणि त्याच्या मागे नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) वॉशर असतो. फ्लँज ज्या खाचांवर बसतो त्या खाचांमधून तेल पुढे सरकत नटपर्यंत येतं आणि ते अडवण्याचं काम या नमद्याचं. मागच्या वेळी जुनाच परत घातला होता. काढताना त्याचे तुकडे झाले. नटाचं तोंडही तेलकट होतं, म्हणजे थोडं तेल सीलला वळसा घालून या वाटेनेही येत होतं. सील कितीही उत्तम बसवलं असतं तरी ही गळती सीलच्याच नावावर जमा झाली असती.

नवा फ्लँज आला, पण

चर पडलेल्या फ्लँजचं काय करायचं याला चार रस्ते आहेत. पॉलिश पेपरने चर घासून काढणं हा पहिला, आणि तो मी रस्ता मानत नाही. ०.१५ मि.मी. घासलं तर अख्खा भाग बारीक होतो, गोलाई जाते आणि पेपरच्या रेघा उरतात त्या वेगळ्याच. दुसरा, सील एखाद-दोन मि.मी. कमी खोल बसवून लिप न झिजलेल्या भागावर आणणं. याला मी नाक मुरडत नाही. वाटेत अडकलेल्या गाडीला तो चांगला उपाय आहे, फक्त सील तिरकं बसू नये आणि बाहेरची लिप फ्लँजच्या कडेवरून निसटू नये, हे बघायचं. तिसरा, फ्लँजवर पातळ स्टेनलेस पोलादाची बाही चढवणं. चौथा, नवा फ्लँज.

माझी पहिली पसंती नव्या फ्लँजला होती, कारण त्यात खाचा, नटाची बैठक आणि सीलची जागा सगळंच नवं मिळतं. फ्लँज आला. मूळ कंपनीचा नव्हता, नकल होती. रंग छान, खाचा नीट, वजनही जुन्याएवढंच. पण सीलच्या भागावर बोट फिरवलं की काहीतरी लागत होतं, आणि भिंगाखाली लेथच्या हत्याराने पाडलेली बारीक सर्पिल रेघ स्पष्ट दिसली. लिप धावते तो पृष्ठभाग शेवटी ग्राइंड केलेला हवा, आणि तोही अशा रीतीने की त्यावर आट्यासारखी रेघ राहू नये. आट्यासारखी रेघ राहिली तर शाफ्ट फिरताना ती तेलाला एका दिशेने पुढे ढकलते. दिशा आतली असली तर नशीब. बाहेरची असली तर लिप, स्प्रिंग, सीलचा ब्रँड, कशाचाच उपयोग नाही. पृष्ठभागाचा खडबडीतपणाही या कामाला साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन एवढाच चालतो. त्याहून खरबरीत असेल तर लिप खरवडते, आणि फार गुळगुळीत असेल तर तेल धरून राहत नाही, लिप कोरडी पळते.

डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा दोऱ्याची परीक्षा घेतली. ही जुनी आणि खरी परीक्षा आहे. फ्लँज मँड्रेलवर (लेथमध्ये धरायच्या दांड्यावर) चढवून लेथमध्ये आडवा, अगदी समतल धरला. सीलच्या भागाला तेलाचं बोट लावलं. बारीक दोऱ्याच्या टोकाला तीसेक ग्रॅमचं वजन बांधून दोरा त्या भागावरून खाली सोडला आणि फ्लँज सावकाश, मिनिटाला साठेक फेऱ्यांनी फिरवला. पृष्ठभाग निर्दोष असेल तर दोरा जागेवर थरथरत राहतो. इथे तो हळूच एका बाजूला चालू लागला आणि कडेपर्यंत जाऊन पडला. उलटं फिरवलं, तर उलट्या बाजूला चालला. दोन्ही दिशांना नियमाने चालतो म्हणजे दोरा घसरत नाही, रेघच त्याला नेते आहे. आणि गाडी पुढे जाताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेला दोरा बाहेरच्या कडेकडे जात होता.

मालकांना ते बघून गंमत वाटली आणि रागही आला. "म्हणजे नवा टाकला असता तर जुन्यापेक्षा जास्त गळला असता?" जास्त का कमी ते सांगता येत नाही, पण गळला नक्की असता. फ्लँज परत गेला.

जुन्या फ्लँजच्या खाचा चांगल्या होत्या, बोल्टची भोकं शाबूत, म्हणून बाहीचा रस्ता धरला. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह या नावाने ती सर्वांना माहीत आहे. भिंत साधारण ०.२८ मि.मी. जाडीची, म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. पृष्ठभाग लिपसाठीच तयार केलेला असतो, त्यावर पेपर मारायचा नाही. माप फ्लँजच्या न झिजलेल्या भागाचं घ्यायचं, तेही दोन-तीन ठिकाणी, कारण ती दाबूनच बसते आणि माप चुकलं तर एकतर फिरते नाहीतर फाटते.

चर खोल असल्यामुळे तो आधी धातूची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीने भरला आणि इपॉक्सी ओली असतानाच बाही चढवली. सुकू दिली असती तर तिचा उंचवटा बाहीला आतून फुगवून बसला असता. बाहीसोबत येणाऱ्या टोपीवरून, मधोमध, हलक्या हातोडीने ठोकत नेली. टोपी तिरकी झाली की थांबायचं आणि सरळ करून पुढे जायचं. बाहीच्या कडेचा आडवा काठ फ्लँजला अडत नव्हता, म्हणून तसाच ठेवला. अडला असता तर तो आखलेल्या रेषेवरून सोलून काढता येतो. बाहेर आलेली इपॉक्सी लगेच पुसली. इपॉक्सी सुकल्यावर दोऱ्याची परीक्षा परत: दोरा हलला नाही.

बसवताना

हाउसिंगमधली सीलची बैठक स्वच्छ पुसून तिच्यात ओरखडा नाही ना हे बघितलं. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलेल्या बॉक्समध्ये तो हटकून असतो, आणि मग तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने वाहतं. इथे एक हलका ओरखडा होता, पण कडेलाच. सीलच्या बाहेरच्या गोलाईला सीलंटचा अगदी पातळ हात दिला. जास्त लावलं तर ते आत सांडून बेअरिंगमध्ये जातं.

स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. दोन लिपांच्या मध्ये थोडं ग्रीस, मुख्य लिपला गिअर ऑइल. कोरड्या लिपवर फ्लँज चढवला तर पहिल्या काही फेऱ्यांतच तिची धार करपते. सीलच्या व्यासाएवढ्या सपाट नळीने, चारही बाजूंनी सारखं ठोकत, आतल्या सर्क्लिपला (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याला) जेमतेम टेकेल एवढं आत नेलं. सील बसल्याचं हाताला कळतं: ठोक्याचा आवाज बदलतो.

फ्लँज चढवताना स्प्रिंग निसटण्याची भीती असते, म्हणून तो फिरवत-फिरवत आत सरकवला. खाचांवर सीलंटची रेघ, नवा नमद्याचा वॉशर, पोलादी वॉशर आणि नवा नायलॉनवाला नट. जुना नट परत वापरू नये, त्यातलं नायलॉन एकदा पिळलं की दुसऱ्यांदा तसं धरत नाही. पट्टी अडकवून टॉर्क पान्याने सुमारे १६० न्यूटन-मीटर. हा आकडा बॉक्सच्या वर्षाप्रमाणे थोडा इकडे-तिकडे होतो, म्हणून त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. इम्पॅक्ट गनने काम पाच सेकंदांत होतं, पण मग किती जोर बसला ते कुणालाच माहीत नसतं.

ब्रेकचं काम तसं सरळ होतं. तेल प्यालेले शू टाकून दिले. पेट्रोलमध्ये बुडवून किंवा आगीवर धरून तेल काढण्याचे प्रयोग लोक करतात. वरचा थर कोरडा दिसतो, पण ब्रेक तापला की आतलं तेल परत वर येतं. ड्रम आणि बॅकप्लेट क्लीनरने धुतले, नवे शू बसवले, ॲडजस्टर ड्रम जाम होईपर्यंत आवळून मग तो मोकळा फिरेल इतका सैल केला. केबल सगळ्यात शेवटी. आधी केबल ताणून शूचं काम चालवायचा प्रयत्न केला की लिव्हर कडक लागतो आणि ब्रेक ढिला, ही मूळ तक्रार तशीच तयार झाली होती. प्रोपेलर शाफ्ट खुणेवर खूण ठेवून, नवे नट, ४७ न्यूटन-मीटर.

ब्रीदरचा बोल्ट धुतला, नळी नवी टाकली आणि तिचं तोंड इंजिनच्या खोलीत उंचावर, खाली वळवून बांधलं.

तेल पूर्ण बदललं. एवढी कमी पातळी ठेवून गाडी चालली होती, म्हणून जुनं तेल चाळून बघणं आलंच. प्लगला नेहमीचा बारीक राखी गाळ होता, चकत्या किंवा दातांचे तुकडे नव्हते. बॉक्समध्ये साधारण २.३ लिटर ९० ग्रेडचं ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइल मावतं, पण लिटर मोजून थांबू नये. गाडी सपाट उभी करून लेव्हलच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरावं, ओघळ थांबला की प्लग लावावा. केसिंग ॲल्युमिनिअमचं आहे, प्लगवर ताकद दाखवायची जागा ही नव्हे.

नंतर

गाडी तापेपर्यंत फिरवून, थंड होऊ देऊन पातळी परत बघितली. बॅकप्लेटच्या तळाला पांढरा कागद चिकटवून गाडी मालकांकडे दिली आणि सांगितलं, की कागदावर ओल दिसली तर घाबरू नका, थेंब पडला तर या. हा फरक महत्त्वाचा आहे. लिप जिवंत राहायला तिच्याखाली तेलाचा पापुद्रा लागतोच, त्यामुळे जुन्या गाडीच्या सीलभोवती धूळ चिकटेल इतकी ओल दिसली, तर मी हात लावत नाही. जमिनीवर डाग पडतो किंवा शूपर्यंत तेल जातं, तेव्हा मात्र थांबायचं नाही.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा ड्रम परत काढला. लायनिंग कोरडं, त्याच्या रंगावरूनच कळत होतं. नटाचं तोंड कोरडं. लेव्हलच्या भोकात बोट घातलं तर तेल बरोबर काठाशी. चढावर हँडब्रेक धरतो आहे, लिव्हर आता आधीपेक्षा एक-दोन दात जास्त वर येतो आणि तो तसाच यायला हवा. एवढंच सांगितलं, की गाडी चालू असताना हा हँडब्रेक ओढायचा नाही. शाफ्टवरचा ब्रेक चालत्या गाडीत ओढला की झटका क्रॉस, डिफरन्शिअल आणि ॲक्सलच्या दातांना बसतो.

बंद ब्रीदर आणि चर, यांपैकी आधी कोण, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा कल चराकडे आहे. ०.१५ मि.मी. खोली काही महिन्यांत येत नाही, ती आधीच्या सीलच्या काळापासूनची असणार. ब्रीदरने पाझराचं ठिबकणं केलं. फक्त ब्रीदर साफ केला असता तर थेंब कमी झाले असते, थांबले नसते. फक्त फ्लँज दुरुस्त केला असता तर बहुधा काही काळ सगळं ठीक दिसलं असतं आणि दाबाने नवी लिप पुन्हा झिजवली असती.

पुढच्या आउटपुटचं सीलही त्याच वयाचं आहे आणि त्याच्या फ्लँजभोवती धुळीचं ओलसर कडं दिसतं. मालकांनी विचारलं, तेही उरकून टाकायचं का. तिथे ब्रेक नाही, थेंब नाही, पातळी टिकून आहे, आणि बंद ब्रीदर आता उघडला आहे. म्हणून ते तसंच ठेवलं. ज्या दिवशी ते खोलावं लागेल त्या दिवशी सीलसोबत नमद्याचा वॉशर, नट आणि एक बाही आधीच आणून ठेवायची, एवढं गाडीच्या वहीत लिहून दिलं आहे.